दाराखालचं पाणी

गोर्ना ब्रेझा,
१२ मार्च १९७४

चि. ओग्न्यान यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

बर्फ वितळलं आणि वरच्या अंगाला असलेल्या गांचोकाकांच्या बागेतलं पाणी पुन्हा आपल्या परसात उतरलं. तळघरात घोटाभर पाणी आहे, आंबवलेल्या कोबीचं पिंप कललंय, मागच्या खोलीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडलीय. तू सांगितलेस तसे दोन चर खणले, तर पाणी तिसरीकडूनच वर येतं. गवंडी म्हणतो, आणखी एक वसंत काढेल भिंत, फार तर.

काल दुपारी चुलीपाशी डोळा लागला. परसाचं तळं झालं होतं आणि आई त्यात उभी राहून सावकाश चादरी खळबळत होती. मी हाक मारली तर म्हणाली, की पाण्याला आधी विचार, त्याला कुठे जायचंय. जागी झाले तरी हात ओले वाटत होते.

घर विकून बुर्गासला ये म्हणतोस. तिसऱ्या मजल्यावर मी काय करू रे, गॅलरीत कांदे लावू? मला इथेच राहायचंय. गांचोकाकांवर फिर्याद करावी म्हणते. बाबांचं त्यांच्याशी वाकडं आलं त्याला एकोणीस वर्षं झाली, आता भीड कसली? तुझं मत कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी, नेवेनाताई

बुर्गास,
२० मार्च १९७४

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

फिर्याद करू नकोस. चूक माझी आहे.

दोन्ही परसांमधल्या भिंतीत छोटं दार होतं, आठवतं ना? आई गरम पाव घेऊन रस्त्याला न जाता तिथूनच पलीकडे जायची. त्याच्या उंबऱ्याखाली दगडी पन्हळ होती. त्यांच्या बागेचं पाणी तिच्यातून, आपल्या परसाखालून, थेट ओढ्याला जायचं.

तू सासरी होतीस तेव्हा गांचोकाकांच्या मुलीचं, माझा जीव जडलेल्या रुमेनाचं लग्न दुसरीकडे ठरलं. मी बावीस वर्षांचा, डोकं फिरलेलं. बाबांना सांगितलं, की गांचोकाका आपल्या घराला भिकारडं म्हणाले. ते तसं कधीच म्हणाले नव्हते. बाबांनी दार चिणलं. पन्हळ मात्र मी बुजवली, दगड आणि चुना ठासून. तिकडून काही म्हणजे काही येऊ नये, असं वाटत होतं. बाबा तो राग घेऊनच गेले.

अजूनही झोपेत तो चुना कालवत असतो. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझा, ओग्न्यान

गोर्ना ब्रेझा,
२ एप्रिल १९७४

चि. ओग्न्यान यास आशीर्वाद, आणि कान जवळ असता तर तोही पिळला असता.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग रस्त्याने वळसा घालून गांचोकाकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. काका म्हणाले, की माझं काय चुकलं ते मला कोणी सांगितलंच नाही. म्हणून ईस्टरच्या उपवासाआधी सगळे एकमेकांची माफी मागतात त्या क्षमेच्या रविवारी ते दरवर्षी त्या चिणलेल्या दारापाशी येऊन माफी मागून जायचे. बाबा गेल्यावरही.

गवंड्याने पन्हळ मोकळी केली. आधी जमिनीखाली गुरगुर झाली, मग गढूळ पाणी आलं, संध्याकाळपर्यंत निवळलं. मी पायरीवर बसून नुसतं ऐकत होते. तळघर सुकतंय, भिंत बांधून होईल. मी कुठेही येत नाही.

तू पुढच्या वर्षी क्षमेच्या रविवारी येशील, असं मी काकांना म्हटलं. ते म्हणाले, की त्याला लवकर यायला सांग, मी एक्क्याऐंशीचा आहे.

जीव लावणारी, नेवेनाताई