साडेबाराचं पाणी

२१ सप्टेंबर, रविवार

झालं! पक्कं झालं! खाडीवरच्या नव्या धक्क्याला पहिली मालवाहू बार्ज लागणार, आणि ती आणणार आमची पायल!

घाईघाईत अक्षर बिघडतंय. बिघडू दे. दुपारी तिचा फोन आला. "पप्पा, सारंग म्हणून माझं नाव लागलं." सारंग म्हणजे बार्ज चालवणारी मुख्य. सहा वर्षं उरणकडे दुसऱ्यांच्या हाताखाली दोर ओढले पोरीने, नोकरी करून परीक्षा दिल्या. आणि सुकाणू पहिल्यांदा एकटीच्या हातात येतंय ते कुठे – तर कळव्यात! ज्या चिखलात लहानपणी निवट्या मासोळ्या पकडायची आणि आईचा, शकूचा मार खायची, तिथेच.

मात्र ही चाचणी आहे. बार्ज व्यवस्थित लागली तर कंपनी तिला ठाण्याच्या फेरीवर सारंग म्हणून कायम करणार. नाही लागली तर पुन्हा दोर ओढायचे. लागेल! न लागायला काय झालंय!

संध्याकाळी केदार घरी आला. माजी नगरसेवक, पण 'माजी' म्हटलेलं त्याला चालत नाही. "बाबुराव, बंदर झालं की रस्त्यावरचे ट्रक कमी, आपल्या पोरांना कामं. आचारसंहिता लागायच्या आत मंत्र्यांना आणतो. कमिटीतर्फे कार्यक्रमाची वेळ, पत्रं, माइक – सगळं तुमच्याकडे." माझ्याकडे नाही तर कोणाकडे? एसटीच्या खोपट डेपोत चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गाडी चुकली असेल, माझ्या तोंडून वेळ चुकली नाही कधी.

शकू मोरीत ड्रम भरत होती. तिथूनच म्हणाली, "खाडीत बंदर आणा, पण आधी नळाला पाणी आणा." या बाईला कशाचं कौतुक म्हणून नाही!

२८ सप्टेंबर, रविवार

धक्क्यावर बैठक झाली. केदार, त्याची माणसं, कंपनीचे एक साहेब, आणि कोळीवाड्याची गंगुबाई. शकूसुद्धा आलेली, बचतगटाच्या चार बायका घेऊन. तिला कोणी बोलावलं होतं कोण जाणे.

तारीख ठरली – ६ ऑक्टोबर, कोजागिरी. केदारच्या माणसाने मुहूर्त काढून आणलेला, सकाळी सव्वादहाचा. गंगुबाई अशी हसली की तोंडातलं पान सांडलं. "सवादाला बोट कशाव चालवशील रं, चिखलाव?" मग तिने बोटांची पेरं मोजली. तिथी, पानी, तिथी, पानी – ओठातल्या ओठात. "पुनवेला साडेबाराला खाडी टम्म भरतंय. तवा आना."

मी ताबडतोब वहीत टिपलं – १२.३०. खाली दोन रेघा मारल्या. बाकीच्यांचं नमनालाच घडाभर तेल चाललेलं, आपलं काम चोख!

शेवटी शकू उठली. "धक्क्यावर बायकांसाठी संडास कुठंय? आणि या लोकांच्या होड्या लागायला पायऱ्या?" साहेब म्हणाले, नोंद घेतो. घेतली नाही. मी बाजूलाच होतो, पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं त्यांनी. पण अशा शुभ वेळेला संडासाचा विषय कशाला काढायचा, असं मलाही वाटलंच.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा, धम्मचक्र दिन. विहारात सगळ्यांना पायलची बातमी सांगितली. शकू कानाशी येऊन म्हणाली, "त्या माणसाला तिसऱ्यांदा सांगताय."

५ ऑक्टोबर, रविवार

मंत्र्यांचा दौरा रद्द! मंडप अर्धा उभा, खुर्च्या उतरलेल्या, फ्लेक्स लागलेला. नवी तारीख कळवू म्हणतात. पायलला फोन केला तर ती शांत. "होईल पप्पा, जेवून घ्या तुम्ही." ही पोरगी अगदी आईवर गेली आहे. मी मात्र ताटावरून उठलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

उद्या!! उद्याच!!

चार वाजता केदारचा फोन. "बाबुराव, मंत्री उद्या दुपारी ठाण्यात आहेत, कार्यक्रम बसवा!" वेळ काय टाकू, विचारलं. "तुम्हीच सांगा." म्हटलं, तीच! साडेबारा! डेपोत आजची रद्द झालेली गाडी उद्या सुटते ती तिच्या वेळेलाच सुटते. वेळ का बदलायची?

दहा मिनिटांत सही ठोकून कंपनीला पत्र, कमिटीच्या ग्रुपवर मेसेज, फ्लेक्सवर नव्या तारखेची पट्टी. वेळेवर पट्टी मारावी लागली नाही, तेवढंच काम वाचलं.

शकूने विचारलं, "पायलला विचारलंत?" म्हटलं, अगं, गाडी कधी सोडायची हे कंट्रोलर ड्रायव्हरला विचारतो का! ती भाकऱ्या थापत राहिली.

पायलचे चार मिसकॉल दिसतायत. माइकची चाचणी चालू होती, ऐकू आले नाहीत. आनंद मावत नसेल पोटात! आता दमून झोपली असेल. उद्या धक्क्यावरच बोलू, गळ्यात हार घालून.

१३ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ

पांढरा शर्ट, कडक इस्त्री. डेपोतली जुनी शिट्टी खिशात. निघालो!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, आणि काही लपवत नाही.

अकरा वाजता धक्क्यावर पोचलो तेव्हा ताशेवाले वाजवत होते, मी माइकवर "हॅलो हॅलो" करत होतो. खाडीकडे पाठ होती माझी. गंगुबाई आली आणि माझा दंड धरून तिने मला गर्रकन फिरवलं. "बाबुराव, डोलं हायत का फुटलं?"

खाडीत पाणीच नव्हतं. म्हणजे होतं, मधोमध ओहळाएवढं. धक्क्यापासून तिथपर्यंत निव्वळ चिखल, त्यावर बगळे चालतायत.

"आज अष्टमी हाय रं. उधान नाय, भांगाचं पानी. दुपारी खाडी उपाशी. मी पुनवेचा टाइम दिल्ता तुला, आठवड्यानी त्योच टाइम कसा चालल? पानी रोज पाऊन तास उशिरा भरतंय, तुझी यष्टी हाय का ती?"

चार मिसकॉल! आनंदाचे नव्हते ते. पायलला लावला फोन. "पप्पा, मी ऐरोली पुलाच्या अलीकडे नांगर टाकून थांबलेय. काल ऑफिसला सांगितलं, साडेबाराला रुतेल. ते म्हणाले, वेळ कमिटीने सही करून दिलीय, मंत्री येतायत, आण तू. मी नाही आणणार. दोनशे गोणी सिमेंट आहे, चार माणसं आहेत माझ्याबरोबर." आवाज चढला नव्हता तिचा. तो चढला असता तर बरं झालं असतं.

बारा चाळीसला मंत्री आले. समोर चिखल आणि बगळे. केदारने हसून सांगितलं, आणि मी तिथंच उभा होतो – "सर, मुलगी नवीन आहे ना, घाबरली. पुढच्या वेळी अनुभवी माणूस देतील." कंपनीच्या साहेबांनी मान डोलावली. डोलावली!

मग मला काय झालं कळलं नाही. माइक माझ्याच हातात होता. चौतीस वर्षांची सवय, आवाज आपोआप लागला –

"कृपया इकडे लक्ष द्या. साडेबाराची बार्ज संध्याकाळी भरतीला लागेल. उशिराचं कारण – वेळ ठरवणारा बाबुराव तांबे याने पाणी न बघता वेळ दिली. चालकाने धोका ओळखून बोट थांबवली, तिचा कोणताही दोष नाही. गैरसोयीबद्दल बाबुराव तांबे दिलगीर आहे."

ताशेवाल्याच्या हातून काठी पडली तिचा आवाज ऐकू आला. मंत्री नारळ फोडून पाच मिनिटांत गेले. केदार माझ्याकडे असा बघत होता की खाऊ का गिळू. आणि खरं सांगू? लाज वाटत होती, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

भरती किती वाजता हे मी गंगुबाईला विचारलं. हात जोडून विचारलं. ती म्हणाली, "दिवा लागला का ये."

आम्ही थांबलो. शकू, तिच्या बायका, कोळीवाडा, मोजून साठ माणसं. पावणेसातला बार्जचा दिवा दिसला वळणावर. पाणी हळूहळू चिखलावर चढत होतं आणि पाण्याबरोबर ती येत होती. एवढं मोठं धूड, पण धक्क्याला लागलं तेव्हा कपबशी ठेवल्याएवढा आवाज! गंगुबाईने दोर झेलला. मी शिट्टी वाजवली, वाजवतच राहिलो, रडत होतो तरी वाजवली. पायल वरून ओरडली, "पप्पा, पुरे आता!"

काय दिवस होता! एका दिवसात आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात मोठा आनंद.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आनंदावर विरजण. पायल घरी बसली आहे. चौकशी होईपर्यंत बार्जवर यायचं नाही असं कळवलंय – वरिष्ठांचा हुकूम मोडला म्हणे.

आयुष्यभर ड्रायव्हर-कंडक्टरांचे जबाब घेतले. आज पहिल्यांदा स्वतःचा लिहिला. पाऊण पान. पौर्णिमेची वेळ अष्टमीला लावली, चालकाच्या चार फोनना उत्तर दिलं नाही, चूक सर्वस्वी माझी. खाली सही, आणि साक्षीदार म्हणून गंगुबाईची सही. कंपनीत नेऊन दिला आणि पोच घेतली.

केदारला वास लागलाच. "बाबुराव, कमिटीची अब्रू लेखी कशाला देता?" म्हटलं, आणि माझ्या पोरीची? संध्याकाळी मला ग्रुपमधून काढून टाकलं. जा!

२५ ऑक्टोबर, शनिवार

पायल कायम! ठाणे फेरीची सारंग! पत्र तीनदा वाचलं, एकदा मोठ्याने, चाळीला ऐकू जाईल असं. लिहिलंय की चालकाचा निर्णय योग्य होता, आणि यापुढे वेळ चालक ठरवेल. चालक ठरवेल!! दिवाळी होऊन गेली, पण फटाके आज लावले. पायल मंगळवारी पहाटेच्या पाण्याने निघते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज पालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली. केदारची जागा गेली – अनुसूचित जाती, महिला! पाच वर्षं गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला, आणि नवरी दुसऱ्याच घरात!

सात वाजता स्वतः आला, पेढे घेऊन. ग्रुपमधून काढलं होतं ते विसरला, मीही विसरलो. "बाबुराव, पायलला उभी करू. बंदरावरची मुलगी! फ्लेक्सवर बार्जचं सुकाणू धरलेला फोटो! तिने फक्त उभं राहायचं, बाकी मी बघतो."

आमच्या घरात नगरसेविका! मी हो म्हणून टाकलं. पेढे खाल्ले, चार खाल्ले. शकू म्हणाली, मी जरा गंगुबाईकडे जाऊन येते, आणि गेली. तिला पेढा द्यायचंसुद्धा राहिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पायलला फोनवर सांगितलं. मला वाटलं, हरखेल.

"पप्पा, परत मला न विचारता वेळ ठरवलीत?"

हातातला पेढा मी डब्यात परत ठेवला.

"सहा वर्षं या सुकाणूसाठी घासली मी. आता तुम्ही मला फ्लेक्सवरचं सुकाणू देताय." मग आवाज मऊ झाला तिचा. "आणि पप्पा, नळाच्या लाइनीसाठी चार वेळा पालिकेत कोण जाऊन बसलं? बैठकीत संडासाचं कोण बोललं? घरात उमेदवार आहे हो. तिला विचारलंत का कधी?"

नाही विचारलं. कशालाच नाही विचारलं. केदारला फोन करून नकार कळवला. तो फाडफाड बोलला, मी ऐकून घेतलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी शकू नळावरून आली. तिच्या हातातली कळशी घेतली आणि विचारलं, "शकू, तू उभी राहशील का?"

"पस्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत," म्हणाली. पदराला हात पुसले आणि पिठाच्या डब्यामागून वही काढून माझ्यासमोर ठेवली. वर तारीख मंगळवारची, सोडतीच्या दिवसाची. नाव तिचं, अपक्ष. खाली बत्तीस बायकांच्या सह्या, पहिली गंगुबाईची.

तेहतिसावी मी केली.