शांतारामची हद्द

१५ जून, सकाळी ११
मासे आले. पाच. प्रत्येक जण बोटाच्या दोन पेरांएवढा. जात डॅमसेल. दीड महिना नुसत्या खाऱ्या पाण्याकडे आणि दगडांकडे बघत बसलो होतो. आज टाकीला अर्थ आला. सहा फूट लांब, सहाशे लिटर. पाथर्डी तालुक्यात समुद्र आणणारा पहिला माणूस बहुधा मीच.
नगरचा दुकानदार म्हणाला, गुरुजी, दिसायला बारके पण लई मारकुटे असतात, एकच न्या. मी हसलो. रिटायर झाल्यापासून सात वर्षं गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. एक्केचाळीस तंटे मिटवले. बोटभर माशांचं काय घेऊन बसलाय!

सायंकाळी ६
बायकोने, म्हणजे दिपालीने, वहीत करार लिहून घेतला. टाकी ठेवलेली पुढची खोली तिला शिवणक्लाससाठी हवी होती. आठ बायका मागच्या पडवीत दाटीवाटीने बसतात, कापड बेतायला फरशीवर वाकतात. करार असा: दसऱ्यापर्यंत मासे भांडणाविना नांदले तर टाकी तिथेच राहील. नाहीतर खोली क्लासची.
सही करताना तिने दोनदा विचारलं, नीट वाचलंत ना? बायकांना आत्मविश्वास कळत नाही.

१७ जून
सर्वात लहान निळ्याचं नाव शांताराम ठेवलं. नावाचा स्वभावावर परिणाम होतो. त्याने कोपऱ्यातला मोठा दगड घेतला आहे. कोणी जवळ आलं की धावून जातो. नेतृत्वगुण.

१८ जून
टाकीत पाणी वाढवलं. क्लासला येणारी बनुबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणे, गुरुजी, गावाला टँकर नवव्या दिवशी येतो आन तुमी चांगल्या पान्यात मीठ कालवताय. मीठ झालं, आता हळद-तिखट कधी?
आतून बाकीच्या सात बायकांचं हसू ऐकू आलं. दुर्लक्ष केलं.

२४ जून
दोन माशांच्या शेपट्या कुरतडलेल्या. जन्मजात अशक्त असावेत.

२ जुलै
सविस्तर चौकशी केली. वाद जमिनीचा आहे. म्हणजे माझ्याच विषयातला! शांतारामकडे कायदेशीर हद्द नाही म्हणून तो असुरक्षित आहे. शाळेची लाकडी पट्टी घेऊन टाकीची मोजणी केली, पाच समान हिस्से पाडले, मधे खुणेचे दगड रोवले. हद्द कायम.

२ जुलै, दुपारी ४
खुणेचे चारही दगड आता शांतारामच्या ताब्यात. शेवटचा दगड सरळ करताना त्याने माझ्या अंगठ्याला धडक दिली. ओळख पटली असावी.

६ जुलै
गहिनीनाथ आणि त्याचा धाकटा भाऊ बिभीषण यांची तिसरी सुनावणी. वाद दोन हात रुंद बांधाचा आणि त्यावरच्या लिंबाचा. पाच वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मी मुद्दाम बैठक टाकीसमोर घेतली. सहजीवनाचं जिवंत उदाहरण समोर असलं की माणूस वितळतो.
नेमका त्याच वेळी शांतारामने एकाला काचेच्या कडेपर्यंत रेटत नेलं. बिभीषण माझ्याकडे बघून म्हणाला, गुरुजी, त्यो निळा अगदी आमच्या दादासारखा हाय. गहिनीनाथ मला म्हणाला, त्याला सांगा, निळा निदान सोताच्या दगडावर तरी हाय, दुसऱ्याचा लिंब तर न्हाई तोडत. दोघं उठले. बैठक तहकूब.

११ जुलै
इंटरनेटवर उपाय सापडला. काचेला बाहेरून आरसा लावायचा. मासा स्वतःशीच भांडून दमतो आणि शांत होतो. दिपालीचा आरसा घेतला.
शांताराम चार तास आरशाशी लढला. मग आरसा काढला. ताजातवाना होऊन बाकीच्यांवर गेला. सराव झाला होता.
दिपालीने वेणी खिडकीच्या काचेत बघून घातली.  

१९ जुलै
दोन मासे दिसत नाहीत. झाकण बंद, जमीन कोरडी. नोंदवहीत 'स्थलांतर' असं लिहिलं.
दिपालीने नोंद वाचली. म्हणाली, अहो, आपल्याकडची माणसं ऊसतोडीला दसऱ्यानंतर जातात, ही जोडी आखाडातच कशी निघाली? कोयता तरी दिला होता का?
'कारण अज्ञात' अशी दुरुस्ती केली.

३ ऑगस्ट
चूक सापडली. टाकीत वडीलधारं कोणी नाही! नगरला जाऊन तळहाताएवढा मोठा, सज्जन, पिवळा मासा आणला. येताना जीपमध्ये पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून बाळासारखी मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, दवाखान्यातनं आणलाय व्हय? मी हो म्हणालो.
याचं नाव अध्यक्ष.

३ ऑगस्ट, सायंकाळी
अध्यक्ष पंपामागे बसून परिस्थितीचं निरीक्षण करत आहेत.

९ ऑगस्ट
निरीक्षण चालू.

१७ ऑगस्ट
अध्यक्षांना खायला पंपामागेच नेऊन द्यावं लागतं. अनुभवी माणसं घाई करत नाहीत.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. दोन जुने विद्यार्थी हार घेऊन आले. टाकी बघून एकाने विचारलं, सर, एवढ्या मोठ्या टाकीत सगळे मासे एकाच कोपऱ्यात का? त्याला विज्ञानात पस्तीस मार्क होते. माणूस बदलत नाही.

८ सप्टेंबर
कठोर निर्णय. शांतारामची बदली. झेडपीत पस्तीस वर्षं काढली आहेत, बदलीची ताकद जाणतो. जाळीने पाचच मिनिटांत पकडून दुकानात परत करणार.

८ सप्टेंबर, दोन तासांनंतर
तो दगडात. दगड हलवला की दुसऱ्या दगडात. शर्ट ओला, चष्मा टाकीत.

१२ सप्टेंबर
सापळा. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत खाद्य टाकलं. तासाभरात शांताराम सोडून बाकीचे दोन्ही बारके मासे बाटलीत; अध्यक्ष पंपामागेच. बाहेर काढू म्हटलं तर निघेनात. त्यांना पहिल्यांदाच पक्कं घर मिळालं होतं.
बनुबाई म्हणे, घरकुल मंजूर झालं गरिबांचं.

२१ सप्टेंबर
आजचा प्रसंग नीट लिहायला हवा.
गहिनीनाथ शेवटची नोटीस घ्यायला आला, मागोमाग बिभीषण. मी खांद्यापर्यंत हात टाकीत घालून उभा. दोघांनी जरा वेळ बघितलं. मग गहिनीनाथने बाह्या सारल्या. म्हणाला, सरा गुरुजी, हे एकट्याचं काम न्हाई. बिभीषण दुसऱ्या टोकाला गेला. दगड बाहेर काढायला लागले. आधी माझ्या मार्फत बोलत होते: त्याला सांगा, इकडनं हाक. मग माझ्या मार्फत बोलायचं विसरले. दादा, तिकडं गेला! दम धर, दम धर. आरं जाळी खाली घे की येड्या! पाच वर्षांत पहिल्यांदा.
शांताराम बिभीषणच्या करंगळीला चावला. गहिनीनाथ एवढा हसला की पोट धरून खाली बसला. मग बिभीषणही हसला. दिपालीने चहा दिला. तेव्हा दोघं मोठ्याने आठवत होते, लहानपणी विहिरीत खेकडे कोण धरायचं.
मासा सापडला नाही. दोघं एका मोटारसायकलवर गेले.

२३ सप्टेंबर
बातमी आली. भावांनी बांध आहे तसा ठेवला. लिंब दोघांचा. मला न बोलावता.
तंटा क्रमांक बेचाळीस, निकाली. 'मध्यस्थ' या रकान्यात माझं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्याकडे बघत बसलो.

२६ सप्टेंबर
बाटलीतले दोन आणि अध्यक्ष, तिघंही दुकानात परत. दुकानदाराने फक्त विचारलं, आन त्यो निळा? मी म्हणालो, तो स्थानिक आहे.

३० सप्टेंबर
दिपालीसमोर करार उघडला. मुद्दा बिनतोड होता. टाकीत आता एकच मासा आहे, भांडण शून्य. म्हणजे टाकी तंटामुक्त. अट पूर्ण.
ती शिलाई करता करता थांबली. म्हणाली, मग असंच लिहा तुमच्या रजिस्टरात. बाकीची गेली, एकटाच उरला, गाव तंटामुक्त झालं.
करार मिटला. म्हणजे वही मिटली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी पुढच्या खोलीत चार मशीनं मांडली. कात्र्या, टेप, सगळ्यांवर झेंडूची फुलं. भिंतीकडेच्या टाकीवर लोखंडी पायांची सहा फुटी फळी टाकली आहे. कापड बेतायला उंची अगदी बरोबर, असं सगळ्यांचं मत. कोणाला वाकावं लागत नाही. खाली शांताराम, सगळ्या दगडांसह. बनुबाईने त्यालाही कुंकवाचं बोट दाखवलं. तो काचेवर धावून आला. बायका खूष.
मी काच पुसायला गेलो तर दिपाली म्हणाली, अहो, क्लास चालू आहे.
माझी खुर्ची आता मागच्या पडवीत, पाण्याच्या मोटारीमागे ठेवली आहे. चहा इथेच आणून देतात.
इथून सगळं नीट दिसतं. निरीक्षणाला जागा चांगली आहे.