अक्षर तुमचंच ना?

१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. परिषदेहून सुखरूप पोचले. आल्या आल्या उत्तरपत्रिकांचा ढीग अंगावर आला, म्हणून पत्राला आठ दिवस उशीर. तू म्हणशील, वन्संना फोन करायला काय झालं होतं? फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून विषय मिटवतेस. या वेळी तो मिटायला नकोय.

आधी बातमी. विद्यापीठाच्या वार्तापत्रात दर सहा महिन्यांनी प्राध्यापकांचे नवे शोधनिबंध आणि परिषदांतली व्याख्यानं यांची यादी येते. पुढच्या अंकात आपला निबंध आहे. ‘आपला’ का म्हणते, ते सांगतेच.

परिषद छान झाली. शंभरेक माणसं, माझी वीस मिनिटं. अर्धांगाचा झटका आल्यावर दादाचे शब्द कसे गेले आणि कसे परतले, ते तुझ्या तीन वह्यांवरून मांडलं. शिवणाच्या मापांच्या वह्या. एकीकडून गिऱ्हाइकांची छाती-कंबर, उलटीकडून दादा. “चष्म्याला ‘बघायचं’ म्हणाले. मी सांगितलं नाही. बाही टाचून होईपर्यंत थांबले. मग ‘चष्मा’ आला.” हे तुझ्या शब्दांत, जसंच्या तसं वाचून दाखवलं.

आम्ही सगळे, डॉक्टरांपासून माझ्यापर्यंत, त्याच्या तोंडात शब्द कोंबत होतो. मी सुट्टीत दोन दिवस यायची आणि त्याचं प्रत्येक वाक्य स्वतःच पुरं करायची. तो गप्प व्हायचा. मला वाटायचं, दमला. तू एकदा हळूच म्हणालीस, “अगं, त्यांचं त्यांना बोलू दे ना.” तेव्हा मला रागच आला होता. भाषा शिकवण्यात माझी बारा वर्षं गेलेली, आणि ही मला सांगणार! आज माझा सगळा निबंध तुझ्या त्या एका वाक्यावर उभा आहे. परवा दादा फोनवर “छोटे, जेवलीस का?” म्हणाला. ‘छोटे’ आणि ‘जेवलीस’ यांच्यामध्ये केवढा तरी वेळ गेला. मी तोंड दाबून बसले होते. वहिनी, हा भाऊ तू मला परत दिलास.

आता खरं लिहिते. इथवर येऊन दोनदा कागद फाडलाय.

व्याख्यानानंतर चहाच्या वेळी या विषयातल्या एक वयस्कर अभ्यासक बाई जवळ आल्या. पडद्यावर दाखवलेल्या वहीच्या पानाबद्दल म्हणाल्या, “किती नेमकी नोंद! अक्षर तुमचंच ना?”

मी “हो” म्हणाले.

का म्हणाले, कळत नाही. खोटं. चांगलं कळतं. निबंधावर माझं एकटीचं नाव होतं आणि तू होतीस तळटीपेत, ‘रुग्णाच्या नातेवाइकांचे आभार’ एवढ्यात. “नाही” म्हटलं असतं तर “मग कुणाचं?” हे आलंच असतं. परवानगीच्या कागदावर दादाची सही घेतली होती. तुला विचारायचं मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंना जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. त्या एवढंच म्हणाल्या, “मग त्यांना का नाही आणलंत?”

परतल्यावर निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना कळवलं. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. वार्तापत्राचे कारकून अडून बसले. “मॅडम, यादी प्राध्यापकांची आहे. या कुठल्या विभागाच्या?”

“शिवण विभागाच्या,” मी म्हणाले. ते हसले, पण म्हणाले, “त्यांची सही आणा, छापतो.”

सोबत निबंध आणि सहीचा कागद पाठवतेय. ‘मला काय कळतं त्यातलं’ म्हणून बाजूला ठेवू नकोस. सगळं वाच. कुठे चुकीचं लिहिलंय असं वाटलं तर लाल पेन्सिलीने खोड, तुझ्या गिऱ्हाइकांची मापं खोडतेस तसं बेधडक. आणि माझ्यावर रागावून नाव द्यायचं नसेल, तर तसंही लिही. मी निबंध मागे घेईन. तुला वगळून तो माझ्या नावावर येऊ देणार नाही.

पुढच्या परिषदेचं आमंत्रण दोघींच्या नावाने मागितलंय. मी बोलेन, पण प्रश्नांना उत्तरं तू द्यायचीस.

दादाला नमस्कार.

तुझ्या सहीची वाट बघणारी,
तुझी नणंद