ट्रे दोनमधला अर्ज

सोमवार, ३ नोव्हेंबर

दर्शना, लागलीस एकदाची नोकरीला! डिलाईल रोडवरच्या आमच्या भागातल्या चाळी पाडून नवे टॉवर बांधणाऱ्या बिल्डरचं ऑफिस, घरापासून चालत दहा मिनिटं. रहिवाशांचे अर्ज घ्यायचे, त्यांना पत्रं छापून द्यायची. इथले जुने क्लार्क श्यामकांतकाका. सुनेला स्वयंपाकघर दाखवावं तसा त्यांनी मला प्रिंटर दाखवला. ट्रे एकमध्ये लेटरहेड, छापील तोंड खाली, डोकं आत. ट्रे दोनमध्ये साधे कागद. पाठकोरे घातले तर मात्र उलट, लिहिलेली बाजू वर. मी लगेच पाठ केलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काका रजेवर. ट्रे दोनची सेटिंग बिघडली, मजकूर आडवा यायला लागला. चाचणीसाठी टेबलावरचे तीन पाठकोरे घेतले आणि लेटरहेडच्या सवयीने लिहिलेली बाजू खाली घातली. छपाई नेमकी लिखाणावर बसली. उचलून बघते तर शेवंतीआजींचा अर्ज! गिरणीकामगाराची एकटी राहिलेली बायको. सकाळीच माझ्या हातात देऊन गेल्या होत्या. सोबत नवऱ्याच्या नावाचा खोलीचा जुना कागद, अस्सल, दुसरी प्रत नाही. घाबरून सगळं श्रेडरमध्ये घातलं. नोकरीचा तिसरा दिवस, सांगू कोणत्या तोंडाने?

सोमवार, १० नोव्हेंबर

आजी पोच मागायला आल्या. ऑफिसचे प्रमुख सिद्धार्थ सर, त्यांच्या देखत मी म्हणाले, अर्ज आलाच नाही.

"तुझ्याच हातात दिलंय मां गो बाय," एवढंच म्हणाल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सरांनी तसं पत्र द्यायला सांगितलं. मी छापलं: आपला अर्ज या कार्यालयास मिळालेला नाही. शुक्रवारी पाचपर्यंत अर्जाची नोंद झाली नाही तर त्यांची खोली नव्या घरांच्या यादीतून जाणार.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळपासून प्रत्येक पत्राच्या तळाशी तेच वाक्य येतंय. पत्र कोणाचंही असो. नवं रीम फोडलं, ट्रे बदलला, कागद फिरवून घातले. तेच. सरांनी सगळ्यांसमोर काकांना झापलं, तुम्हीच काहीतरी सेटिंग करून ठेवलीत म्हणून. काका मान खाली घालून ऐकत राहिले. मी पुढचं पत्र छापायला लावलं. शरम वाटते स्वतःची.

बुधवार, १२ नोव्हेंबर

खरं काय ते हाताने लिहायला बसले. कोरा कागद, बॉलपेन. लिहून झाल्यावर वाचलं — आपला अर्ज या कार्यालयास मिळालेला नाही. अक्षर माझंच होतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सरांना सांगायला गेले. तोंडातून तेच वाक्य. आईने विचारलं, भात वाढू का? तिलाही तेच — ती हसली. फक्त या वहीत अजून खरं —

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. चार चाळीस.

वहीच सरांपुढे ठेवली, पाच तारखेचं पान उघडून. मला माझी कबुली स्वच्छ दिसत होती. सर पानं उलटत मोठ्याने वाचत गेले. आपला अर्ज या — आपला अर्ज या — मग विचारलं, बरं नाही का तुला? म्हणाले, त्या आजींना घरी पाठव.

आजी बाहेर बाकावर आहेत. पाच वाजायला —

उठल्या. जवळ आल्या. हात धरलाय माझा.

"बाय, यादीत माझा नाव इला काय गो?"

खरं सांग, दर्शना. एकदाच —

आजी, आपला अर्ज या कार्या