विद्यापीठ घरी आलं, मामा

मिरजगाव

उद्धवमामा,

भाचीला पदवी मिळाली म्हणून काल फोनवर तुम्ही रडत होतात. मी नुसतं "हो मामा" म्हणत राहिले. उरलेलं इथं लिहितेय. पाठवायचा धीर होणार नाही.

कॉलेज लांब म्हणून आईचं शिक्षण सुटलं, ते तुमच्या मनाला लागलं होतं. पुण्यात कॉम्प्युटर शिकत होतात तुम्ही. माझ्या बारशाला मला मांडीवर घेऊन भरल्या घरात म्हणालात, "ही मोठी होईस्तोवर विद्यापीठच घरी येईल. हिला शिकायला गाव सोडावं लागणार न्हाई."

अण्णांनी, तुमच्या दाजींनी, ते पाठ करून ठेवलं. संगमनेरच्या कॉलेजात माझा नंबर लागला, तेव्हा मी पत्र्याची पेटी भरून ठेवली होती. अण्णा म्हणाले, "मामानं काय सांगितलं हुतं? कॉलेज आता मोबाईलमधी हाय." आईनं पेटी रिकामी केली.

मग मी गोठ्यात बसून शिकले. हेडफोन एकाच कानात घालायचा, कारण दुसऱ्या कानानं घरातली हाक ऐकू यायला हवी. वर्गातल्या एकाही मुलीचा चेहरा मी पाहिलेला नाही.

परवा पाहुणे मला बघायला आले. अण्णा अभिमानानं म्हणाले, "पोरगी पदवीधर हाय, आन् एक रात्र घराबाहेर ऱ्हायली न्हाई." पाहुण्यांनी तिथंच होकार दिला.

तुमचा शब्द खरा झाला, मामा. मला शिकायला गाव सोडावं लागलं नाही.

आई सकाळपासून तीच पेटी पुन्हा भरतेय.

तुमच्या मांडीवरची,
निकिता