दोन कॅन फिनेल

पुणे, १९ नोव्हेंबर २००१

तीर्थस्वरूप सुहासिनीवहिनींस शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? माझी प्रकृती उत्तम (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते).

बंद कारखान्याच्या जागी संगणक कंपनी आली आणि तिथली तेल मुरलेली काळी माती जंतूंकडून साफ करायचं काम मला मिळालं, हे मागं कळवलंच होतं. (तेल खाऊन जगणारे जंतू असतात, वहिनी. माणसांपेक्षा बरे, खातात आणि गप्प राहतात.) सात महिने मी त्या मातीला युरिया घातला, पाणी शिंपडलं, दर शनिवारी पोपट नावाच्या माळ्याकडून ती उलटीपालटी करून घेतली. निम्मं तेल उतरलं होतं. मार्चअखेर तपासणी आहे. माती साफ निघाली तर तिथं बकुळी लावायचं कंपनीनं कबूल केलंय, नाहीतर काँक्रीट ओतून पार्किंग.

मग परदेशी पाहुणे यायचं ठरलं. त्या सकाळी मी पोचले तर सफाईवाल्या कांताबाई घामाघूम, पण खुशीत. "मॅडम, पावणं येनार आन् ह्यो वास? दोन कॅन फिनेल वतलं. येक जंतू जित्ता ठिवला न्हाई!"

ओरडणार होते. पण बाई लोणी काळभोरहून पहाटेच्या बसनं आलेली, फिनेलनं बोटांची सालं निघालेली. आणि 'इथं जंतू पाळलेत' हे सात महिन्यांत तिला सांगावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं.

पाहुण्यांनी हुंगलं, माना डोलावल्या. आमचा अभिनव (वय सव्वीस, मॅनेजर) म्हणाला, "मॅम, स्मेल गेला म्हणजे प्रोजेक्ट सक्सेसफुल!" कांताबाईंना माउसपॅड मिळालं, त्या ते पोळपाटाखाली घालतात. मला गुच्छ. जंतू मेलेत हे सांगायला तोंड उघडलं आणि थँक्यू म्हणून मिटलं. टाळ्या मात्र मीही वाजवल्या.

मुलांना आशीर्वाद.

आपली,
राजनंदिनी

ता. क. ते जंतू दादाच्या गॅरेजमधले होते. तो गेल्यावर दिवसांना आले, तेव्हा त्याच्या बाकड्याखालची माती डब्यात भरून नेली होती. तुम्ही विचारलंत, तर 'तुळशीला' म्हणाले. तुमची ती नजर अजून आठवते. आता पुन्हा दोन डबे माती हवी आहे.

ता. क. २. दिवाळीनंतर गॅरेजला फरशी बसवून भाड्यानं देणार, असं तुम्ही लिहिलं होतंत. बसवली असेल तर बाकड्याखालची एक उचकटा. माझ्यासाठी.

ता. क. ३. नणंदेकडे असली घाण काय पाठवायची, असं तुम्हाला वाटेल. पण वहिनी, पाया पडते, खणण्याआधी ती जागा धुऊ नका.