बाबांची बिनपायडलची सायकल

तीर्थस्वरूप दादा यांस,

लुकांगहून धाकट्या वेनचुआनचा वाकून नमस्कार. (पाठ अजून पुरती वाकत नाही, तेव्हा नमस्कार निम्माच पोचला असं समज. कारण पुढे येईलच.) तिकडे कॅनडात बर्फ वितळलं असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल आणि मुलं आईबापांचं थोडंफार ऐकत असतील, अशी आशा करतो. इथे आई बरी आहे. आत्या बरी आहे असं म्हणता येत नाही, कारण कुणी तसं म्हटलेलं तिला खपत नाही. बाबांची सायकल उत्तम आहे. बाबांचं मात्र ठीक चाललेलं नाही, म्हणून हे पत्र. (ते गेल्याला सहा महिने झाले हे माझ्या लक्षात आहे. मी त्यानंतरचं म्हणतोय.)

झालं असं की गेल्या आठवड्यात आत्या दुपारच्या झोपेतून उठली ती चपला न घालताच आपल्याकडे आली. मी शेवयांची पेज खात होतो. ती माझ्यासमोरचा वाडगा बाजूला सारून म्हणाली, "गिळतोस काय नुसता? आत्ता स्वप्नात पाहिलं, तिकडे तुझा बाप पायी चालतोय! हातात एवढी चकचकीत सायकल, आणि मेला ढकलत नेतोय! बाकीची मेलेली माणसं फिदीफिदी हसतात त्याला!" मी विचारलं, चाकात हवा नव्हती का? तर म्हणाली, "हवा आहे रे! पायडलंच नाहीत!"

दादा, मी अंत्यविधीचे फोटो काढून पाहिले. आत्याचं खरं आहे. लोक बापाला तिकडे वापरायला कागदी बंगला जाळून पाठवतात, कागदी मोटार पाठवतात. तू मात्र म्हणालास की बाबांना सायकलच द्यायची, त्यांची टायटॅनियमची, हुबेहूब. तेव्हा मला भरून आलं होतं, अजूनही येतं. पण तू निघायच्या गडबडीत कागदकाम करणाऱ्या श्याओकाकांना फोटो पाठवलास तो माहितीपत्रकातला. भारी सायकल विकताना पायडलं लावून देत नाहीत, ज्याने त्याने आपल्या बुटांजोगी घ्यायची असतात, हे बाबांनी आपल्याला जेवताना किती वेळा ऐकवलं होतं! (आपण किती वेळा ऐकलं, हा प्रश्न वेगळा.) श्याओकाकांनी फोटोत दिसलं तेवढं केलं. करड्या नळ्या केल्या, सांध्यांवरचे वेल्डिंगचे बारीक खवलेसुद्धा केले, आणि जिथे पायडल नव्हतं तिथे भोक ठेवलं. आपण सगळे रडत होतो, कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी तुला दोष देत नाही. (आत्या देते.)

मग ठरलं की कागदी पायडलं करून मागाहून पाठवायची. नमुना हवा म्हणून खरी सायकल घेऊन मी श्याओकाकांकडे निघालो. तुला ती सायकल आठवत असेलच. आपल्या गावच्या खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या गजांपासून आत्याच्या गुडघ्यांपर्यंत सगळं गंजवलं, हिला डाग नाही. बाबा फडक्याने पुसत म्हणायचे, "तुम्ही दोघं म्हातारे व्हाल, ही नाही व्हायची." मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे माझे गुडघे हॅन्डलला लागत होते. सीट वर करायला गेलो तर आई म्हणाली, "हात लावू नकोस." शिवाय बाबांचे ते बूट, जे पायडलात खट्‌कन अडकतात! माझ्या पायाला दोन बोटं लहान आहेत. अडकले ते लगेच. सुटायचे कसे हे मी नाश्त्याच्या दुकानासमोरच्या सिग्नलला पोचेपर्यंत मनावर घेतलं नव्हतं. लाल दिवा लागला. मी थांबलो. सायकल थांबली. आणि मग, दादा, आम्ही दोघं अत्यंत सावकाश डावीकडे कलू लागलो. सोया दूध पिणारे सगळे लोक पेले खाली ठेवून बघत होते. मला एका म्हातारबुवांना मान लववून सुप्रभात म्हणायलाही वेळ मिळाला. मग आडवा झालो. पाय अजून अडकलेलेच. दुकानदारबाई धावत आल्या, खाली वाकल्या, नळीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांची ना रे ही? हिला कुठं लागलं नाही ना?" लागलं नव्हतं. माझी पाठ सरळ व्हायला चार दिवस गेले.

पायडलं सुंदर झाली आहेत. काल ती देवघरासमोर ठेवून, कौलाच्या दोन लाकडी फळ्या टाकून मी बाबांना विचारलं: मी जाळू का? दोन्ही फळ्यांची सपाट बाजू वर. म्हणजे बाबा हसले. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसले. (सिग्नलची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असावी.) आत्याने जाळली तर चालेल का? दोन्ही पालथ्या, साफ नकार. तेव्हा पायडलं सध्या फळांच्या ताटात आहेत आणि बाबा पायी आहेत. तू मात्र काळजी करू नकोस. तुझी कामं मोठी, विमानप्रवास लांबचा. आमचं आम्ही पाहू.

मुलांना आशीर्वाद. बर्फावरून जपून चाल.

तुझा धाकटा,
वेनचुआन

ता. क. शेवटी मी विचारलं, थोरल्याच्या हातून हवीत का? एक फळी सपाट, एक पालथी, म्हणजे हो आलं. दुसऱ्यांदाही हो. तिसऱ्यांदाही हो. तू दर फोनवर बाबांना म्हणायचास, पुढच्या वर्षी येतो, मग आपण दोघं डोंगरावर जाऊ. ते खरंच वाट बघायचे रे. छिंगमिंगच्या सणाला कबरीवरचं गवत काढायला जायचंय. तेव्हा ये. सीट तुझ्याच उंचीची आहे.

आणखी एक ता. क. आई म्हणते, आत्या त्या दुपारी झोपलीच नव्हती, आमच्याकडे येईपर्यंत शेजारी पत्ते कुटत होती. तेव्हा स्वप्नाचं काय ते तूच ठरव.

शेवटचा ता. क. कौलाचंही सांगून टाकतो. तिसऱ्या वेळी एक फळी घरंगळत कपाटाखाली गेली. माझी पाठ वाकेना. आई, जी गुडघ्यांमुळे वर्षभर खाली बसलेली नाही, ती जमिनीवर आडवी झाली, आत बघितलं आणि म्हणाली, "हो म्हणतायत. थोरला येऊ दे." मी काही आत बघितलं नाही. तूही तिला विचारू नकोस.